हद्दीपलीकडची खबर

दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या शाळेच्या कार्यालयात एकच गर्दी उसळते. आमचा तालुका नांदेड जिल्ह्याच्या टोकाला. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटक. त्यामुळे दाखले येतात ते तीन भाषांत. तेलुगू दाखल्यावर घराण्याचे नाव आधी आणि मुलाचे नाव नंतर. कानडी दाखल्यावर पुष्कळदा गावाचे आद्याक्षर पुढे आणि आडनावाचा पत्ताच नाही. आमच्या जनरल रजिस्टरला मात्र मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा तीन खणांचा हिशेब हवा. काही वर्षांपूर्वी दोन सख्खी भावंडे आमच्याकडे आली. भाऊ तेलुगू शाळेतून, बहीण कानडी शाळेतून. कागदावर त्या दोघांचे बाप वेगळे, आडनावे वेगळी, एवढेच काय पण गावही वेगळे! एकाच आईची लेकरे आहेत हे सिद्ध करता करता त्यांच्या बापाच्या चपला झिजल्या आणि मुलीची त्या वर्षीची शिष्यवृत्ती बुडाली.

शाळेच्या बाबतीत ही गोष्ट एका शिष्यवृत्तीवर निभावली. पण हाच घोळ पोलिसांच्या दप्तरात झाला तर? एका राज्याला ठाऊक असलेला गुन्हेगार शेजारच्या राज्यात अनोळखी म्हणून उजळ माथ्याने फिरेल. उलट एका राज्याच्या यादीतले नाव दुसऱ्या राज्यातल्या भलत्याच माणसाच्या गळ्यात पडेल. पहिल्या चुकीने निरपराध लोक मरतात, दुसऱ्या चुकीने निरपराध लोक तुरुंगात जातात. अंतर्गत सुरक्षेसाठी निरनिराळ्या राज्यांनी आणि खात्यांनी आपापली खबर एकमेकांना कशी द्यावी, कोणत्या नमुन्यात द्यावी, तिची पारख कशी करावी, हा विषय आज वर्तमानपत्रांतून नव्याने चर्चिला जातो. तो वाटतो तितका नवा नाही. त्याची पाळेमुळे आपल्याच मुलखात, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानात, सुमारे दोनशे वर्षे खोल गेलेली आहेत.

ठगांचा मुलूख, अनेकांच्या हद्दी

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतले दख्खनचे रस्ते डोळ्यांपुढे आणावेत. हैदराबादहून नागपूरकडे, जालना-औरंगाबादकडे, सोलापूरवरून पुण्याकडे व्यापारी, सावकारांची माणसे, रजेवर निघालेले शिपाई आणि यात्रेकरू चालत असत. वाटेत गोड बोलणारे सोबती भेटत, चार मुक्काम बरोबर करीत आणि एखाद्या निर्जन जागी रुमालाने गळा आवळून मुडदे पुरून टाकीत. माणूस नाहीसा होई, पण बोंब उठत नसे. कारण ज्याचा खून झाला त्याचे गाव एका राज्यात, खून दुसऱ्या राज्यात आणि खुन्याचे घर तिसऱ्याच राज्यात. प्रत्येक अंमलदाराजवळ कथेचा एकच तुकडा असे. एकाकडे बेपत्ता माणूस, दुसऱ्याकडे बेवारस प्रेत, तिसऱ्याकडे अचानक पैसा आलेला एक शेतकरी. हे तीन तुकडे एका टेबलावर कधी येतच नसत.

याचा अनुभव आपल्या तुळजापूर-नळदुर्ग भागाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या फिलिप मेडोज टेलरला आला. निजामाच्या नोकरीतला हा तरुण इंग्रज अधिकारी १८२० नंतरच्या दशकात संस्थानाच्या नैर्ऋत्य भागात पोलिसी कामावर होता. वाटसरूंच्या खुनांचा संशय त्याला आला होता आणि तो माग काढूही लागला होता. तेवढ्यात त्याला पलटणीत परत बोलावले गेले. आणखी काही दिवस मिळाले असते तर ठगांचा उलगडा जगापुढे प्रथम आपणच केला असता, अशी हळहळ त्याने पुढे आत्मचरित्रात नोंदवली आहे. ते श्रेय गेले जबलपूर-सागरकडे काम करणाऱ्या विल्यम स्लीमनकडे. टेलरने पुढे हैदराबादेत पकडलेल्या ठगांचे जबाब घेतले, त्यावरून १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली आणि ती विलायतेत विलक्षण गाजली. १८५३ च्या तहाने नळदुर्गचा मुलूख काही वर्षे इंग्रजांकडे आला, तेव्हा त्याचा कारभारही टेलरकडेच होता. ही पुढची गोष्ट.

स्लीमनचे वेगळेपण तलवारीत नव्हते, दप्तरात होते. त्याने ठगांपैकी काहींना माफीचे साक्षीदार केले. त्यांचे जबाब वेगवेगळे, एकमेकांपासून दूर ठेवून घेतले. कोणाचा बाप कोण, कोणाची टोळी कोणती, कोणत्या स्वारीत कोण कोण होते, याच्या वंशावळी तयार केल्या. एका ठिकाणचा जबाब दुसऱ्या ठिकाणच्या जबाबाशी ताडून पाहिला, दाखवलेल्या जागा उकरून हाडे मिळतात का ते तपासले. हैदराबादसारख्या संस्थानात रेसिडेन्सीच्या आश्रयाने त्याच कामाचे अधिकारी नेमले गेले आणि कागद इकडून तिकडे जाऊ लागले. त्याआधीही या देशात हेर होते, जासूद होते, कोतवालाचे खबरे होते. पण निरनिराळ्या राज्यांतली खबर एकाच साच्यात बसवून एकमेकींशी ताडून पाहणारे कायमचे खाते दिसते ते येथून.

नाण्याची दुसरी बाजू

एवढे सांगून थांबलो तर तो अर्धा इतिहास होईल. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने असे ठरवले की एखादा मनुष्य कधीही, कोठेही, कंपनीच्या मुलखात वा बाहेर, ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मठेप. अमुक खून त्याने केला, हे दाखवण्याची गरजच उरली नाही. पुरावा कोणता? तर मुख्यतः माफीच्या साक्षीदाराचे बोट. आपला जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचे नाव सांगणारा मनुष्य दर वेळी खरेच बोलेल काय? ठगीची व्याप्ती आणि तिचे धार्मिक स्वरूप इंग्रजांनी फुगवून सांगितले काय, यावर अलीकडच्या इतिहासकारांनी पुष्कळ वाद घातला आहे. ठगी अजिबात नव्हतीच असे म्हणणे टोकाचे होईल. पण यादीत नाव पडलेला प्रत्येक माणूस ठगच होता, असे छातीठोकपणे आज कोणी म्हणणार नाही.

या विचारसरणीचे पुढचे पाऊल आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व्यक्तीऐवजी जमातीच्या जमाती नोंदवहीत चढवल्या. पारधी, कैकाडी अशा जमातींतील माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवून हजेरी लावण्यात आली. सोलापूरला तारांच्या कुंपणातली वसाहत होती, हे सोलापूरकडच्या वाचकांना सांगावयास नको. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये हा कायदा देशभर रद्द झाला. पण नोंदवहीतले नाव खोडले म्हणून गावाच्या नजरेतले खोडले जाते असे नाही. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना मी काय म्हणतो ते अधिक खोलवर पटेल. तेव्हा खबर साठवण्याच्या इतिहासाचे पहिले पान उलटतानाच हा धडा गाठीस बांधलेला बरा: यादी करणे सोपे, यादीतून नाव काढणे कठीण.

एका शहरात तीन कायदे

१८६१ च्या पोलीस कायद्यानंतर ब्रिटिश मुलखात ठिकठिकाणी रीतसर पोलीस दल उभे राहिले आणि ठगी व दरोडे खात्याचे काम तेथे संपत आले. संस्थानी प्रदेशात मात्र ते चालू राहिले आणि त्यात हैदराबाद प्रमुख होते. कारणही उघड आहे. हैदराबाद संस्थान म्हणजे हद्दींचे जाळे होते. दिवाणी मुलूख सरकारचा, सर्फ-ए-खास खुद्द निजामाचा, पायगा आणि जहागिरी उमरावांच्या. मोठ्या पायगांना आपापले पोलीस आणि न्यायालये होती. खुद्द राजधानीत काय होते? चारमिनारभोवतीचे शहर कोतवालाच्या ताब्यात, रेसिडेन्सी बाजार म्हणजे आजच्या सुलतान बाजारचा परिसर इंग्रज रेसिडेंटच्या अमलाखाली आणि तळ्यापलीकडचे सिकंदराबाद लष्करी छावणीकडे. मुसी नदी ओलांडून चार फर्लांग चालले की कायदा बदले! १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादेपर्यंत आगगाडी आली आणि चोराची चाल घोड्याहून वेगवान झाली. पोलिसांचा कागद मात्र पूर्वीसारखाच सांडणीच्या चालीने चालत राहिला. रेसिडेन्सी बाजार १९३३ मध्ये निजामाकडे परत आला, सिकंदराबादचा मुलकी कारभार त्याच्याही नंतर, १९४५ मध्ये. जहागिरी गेल्या त्या पोलीस कारवाईनंतर, १९४९ मध्ये.

इकडे अखिल भारतीय पातळीवर १८८७ साली एक महत्त्वाचा बदल झाला. ठगी व दरोडे खात्याच्या छायेतच केंद्रीय विशेष शाखा स्थापन झाली आणि प्रांतोप्रांती तशाच शाखा निघाल्या. प्रत्येक प्रांताने आपल्याकडील घडामोडींचा गोषवारा ठरावीक मुदतीने तयार करावा, तो वर पाठवावा, अशी पद्धत पडली. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने प्रांतोप्रांती गुन्हे अन्वेषण खाते असावे अशी शिफारस केली. लॉर्ड कर्झनच्या अमदानीत, १९०४ मध्ये, जुने ठगी खाते गुंडाळून त्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खाते उभे राहिले. आजच्या इंटेलिजन्स ब्यूरोची वंशावळ अशी थेट ठगांपर्यंत जाते!

परंतु खाते ज्या कामासाठी जन्मते त्याच कामावर राहत नाही. ठगांसाठी जन्मलेले हे खाते पुढे लोकमान्य टिळकांच्या सभांची टिपणे ठेवू लागले. मुंबई सरकारच्या पोलिसांचे ते गुप्त गोषवारे स्वातंत्र्यानंतर सरकारनेच स्वातंत्र्यलढ्याची साधने म्हणून छापले आणि आज आम्ही इतिहासाचे लोक ते आवडीने चाळतो. हैदराबादेतही १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले, उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हणणारी मुले काढून टाकली गेली. त्या काळच्या पोलिसांच्या दृष्टीने ही सारी नावे संशयितांची होती. आज त्यांच्या नावाने आमच्याकडे शाळा आणि विद्यापीठे आहेत. कोणती खबर ठेवावयाची हे जसे ठरवावे लागते, तसे कोणती ठेवावयाची नाही हेही ठरवावे लागते, ते यासाठी.

बोटांच्या ठशांचा धडा

समान नमुना म्हणजे काय आणि तो किती मोलाचा असतो, याचे सर्वांत सुंदर उदाहरण याच काळातले आहे. जुन्या काळी गुन्हेगाराची ओळख कशी पाठवीत? ‘रंग सावळा, बांधा मध्यम, कपाळावर व्रण.’ अशी हजार माणसे आठवडी बाजारात भेटतील. फ्रान्समधून शरीराची मापे घेण्याची पद्धत आली, पण माप घेणाऱ्याचा हात बदलला की मापही बदले. बोटांचे ठसे प्रत्येकाचे निराळे असतात हे कळले होते. पण लाख ठशांच्या ढिगातून हवा तो ठसा शोधावयाचा कसा? अडचण ठशांची नव्हती, त्यांची मांडणी कशी करावी याची होती.

बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालील काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी या मांडणीत मोलाचे काम केले. युक्ती गणिताची आहे, म्हणून आमच्या नववी-दहावीच्या मुलांनाही समजते. दहा बोटांच्या पाच जोड्या करावयाच्या. पहिल्या जोडीला १६, दुसरीला ८, तिसरीला ४, चौथीला २ आणि पाचवीला १ अशी किंमत द्यावयाची. बोटावर भोवऱ्यासारखी रेषा असेल तरच ती किंमत मोजावयाची, नसेल तर शून्य. जोडीतील एका बोटाची किंमत अंशात, दुसऱ्याची छेदात. दोन्हीकडच्या बेरजेत एकेक मिळवला की १ ते ३२ मधील कोणताही अंश आणि कोणताही छेद मिळतो. बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे १,०२४ खण. कोणाही माणसाच्या दहा बोटांचे ठसे यापैकी एकाच खणात जातात, मग ते कलकत्त्यात घेतलेले असोत की हैदराबादेत.

१८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली आणि १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ही पद्धत स्वीकारली. पद्धतीला नाव मिळाले हेन्रींचे. हक यांना खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर या पदव्या मिळाल्या. श्रेयाचा तो वाद बाजूला ठेवू. मुद्दा असा की भाषा, लिपी, आडनाव यांपैकी कशावरही न विसंबणारा नमुना मिळाला, तेव्हा कुठे हद्दीपलीकडे पाठवलेल्या कागदाला किंमत आली. २०२२ मध्ये देशभरातील ठसे संगणकावर एकत्र करणारी राष्ट्रीय यंत्रणा सुरू झाली आणि त्यात प्रत्येक ओळखीला दहा आकडी क्रमांक देण्याची सोय आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खणांचाच तो नवा अवतार.

दप्तराची वाटणी

१ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आपल्या घराघरांत निरनिराळ्या भावनांनी आठवला जातो. जुन्या संस्थानाचे सोळा जिल्हे होते. मराठवाड्याचे पाच मुंबई राज्यात, बीदर, गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) आणि रायचूर म्हैसूर राज्यात आणि तेलंगणचे जिल्हे आंध्र प्रदेशात गेले. भाषावार प्रांतरचना योग्यच होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की, कालपर्यंत ज्या ठाण्यांचे कागद उर्दूत आणि एकाच राजधानीकडे जात, त्यांचे कागद आता मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषांत, तीन राजधान्यांकडे जाऊ लागले. मांजरा नदीच्या दोन काठांवरचे सोयरेधायरे तसेच राहिले, बाजार तसेच राहिले, दरोडेखोरही तसेच राहिले. दप्तराला मात्र तीन तोंडे फुटली. पोलीस हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या यादीत ठेवला आहे आणि तो तसा असण्याला सबळ कारणे आहेत. तरी ‘गुन्हा आमच्या हद्दीत नाही, त्या ठाण्यात जा’ हे वाक्य सरहद्दीवरच्या माणसाने जितक्या वेळा ऐकले असेल तितके दुसऱ्या कोणी ऐकले नसेल.

हे सांधण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पोलीस अधिकाऱ्यांचे राष्ट्रीय प्रशिक्षण १९४८ मध्ये माउंट अबू येथे सुरू झाले आणि १९७५ मध्ये ती संस्था हैदराबादेत आली. सरदार पटेलांचे नाव धारण करणाऱ्या त्या अकादमीत सर्व राज्यांचे भावी पोलीस अधीक्षक एकत्र शिकतात. १९८६ मध्ये गुन्हेविषयक नोंदींचा राष्ट्रीय विभाग निघाला, तपासाचे छापील नमुने देशभर सारखे करण्याचे काम झाले. २००९ मध्ये देशातील सर्व ठाणी संगणकाने जोडण्याची योजना मंजूर झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, खबर कोणत्याही ठाण्याने नोंदवावी असे स्पष्टच म्हटले आहे. सरहद्दीवरच्या माणसाच्या दृष्टीने ही तरतूद मोठी आहे, फक्त ती त्याला माहीत हवी.

खबर होती, पण...

कारगिलच्या युद्धानंतर नेमलेल्या मंत्रिगटाच्या शिफारशींवरून २००१ मध्ये इंटेलिजन्स ब्यूरोच्या अखत्यारीत बहुविध यंत्रणांचे एक केंद्र काढण्याचे ठरले आणि राज्यांच्या राजधान्यांत त्याच्या उपकेंद्रांची कल्पना आली. निरनिराळ्या खात्यांची खबर एका टेबलावर आणावयाची, हीच ती स्लीमनची कल्पना. पण प्रारंभी कोणावर सक्ती नव्हती. २००७ साली हैदराबादने दोनदा रक्त पाहिले. १८ मे रोजी मक्का मशिदीत आणि २५ ऑगस्ट रोजी लुंबिनी पार्क व गोकुळ चाट येथे. दुसऱ्या घटनेत चाळीसहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधी आलेल्या होत्या. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने, त्या सूचना एकत्र करून त्यांचा अर्थ लावण्याच्या व्यवस्थेतील उणिवांवर बोट ठेवले. त्यानंतर ३१ डिसेंबर २००८ च्या आदेशाने त्या केंद्राला सर्व यंत्रणांशी खबर वाटून घेण्याचे बंधन घालण्यात आले.

तरीही २१ फेब्रुवारी २०१३ च्या संध्याकाळी दिलसुखनगरच्या गजबजलेल्या रस्त्यावर दोन स्फोट झाले आणि सतरा-अठरा जीव गेले. त्या वेळी देशाचे गृहमंत्री होते आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. एके काळी पोलीस खात्यात फौजदार असलेला आणि आंध्रचे राज्यपालपद भूषवलेला हा मनुष्य. दोन दिवसांपूर्वीच सर्व राज्यांना सावधगिरीची सूचना दिली होती, असे त्यांनी सांगितले. आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री किरणकुमार रेड्डी यांचे म्हणणे पडले की अशा सर्वसाधारण सूचना नेहमीच येतात. वाचकहो, या दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. खबर पाठवली होती हेही खरे आणि तिचा उपयोग होण्याजोगा नव्हता हेही खरे. ‘सावध राहा’ एवढीच खबर सर्वांना दिली की ती कोणालाच दिली नाही असे होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘सगळे येणार आहे’ असे सांगणाऱ्या शिक्षकासारखे ते झाले!

मग उणीव कशाची? खबर नुसती वाटून चालत नाही, तिची प्रत ठरलेली असावी लागते. जगातल्या अनेक गुप्तवार्ता खात्यांत एक साधी पद्धत रूढ आहे. खबर देणाऱ्याच्या विश्वासार्हतेला एक श्रेणी आणि खुद्द खबरीच्या खरेपणाला वेगळी श्रेणी. भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो आणि लबाड माणूसही एखादे वेळी खरे बोलतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे. या दोन श्रेणी सर्व केंद्रांत सारख्याच अर्थाने वापरल्या, तरच हैदराबादचा ‘पक्की’ शब्द मुंबईत ‘पक्की’ म्हणून वाचला जाईल.

अमेरिकेचा अनुभव येथे उपयोगी पडतो. २००१ च्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर तेथे राज्याराज्यांत खबर एकत्र करणारी केंद्रे निघाली, आणि कालांतराने त्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. प्रत्येकाची रीत वेगळी झाल्याने २००८ मध्ये त्या सर्वांसाठी किमान पात्रतेचे समान निकष छापण्यात आले. तरी २०१२ मध्ये तेथील सिनेटच्या उपसमितीने या केंद्रांवर कडक ताशेरे ओढले: पुष्कळ अहवाल निकृष्ट, उशिरा आलेले आणि काही तर नागरिकांच्या हक्कांवर गदा आणणारे. पैसा, इमारती आणि पडदे असले म्हणजे खबर खरी होते असे नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची योजना आली, तेव्हा अनेक राज्यांनी आपल्या अधिकारांवर अतिक्रमण होते म्हणून विरोध केला आणि ती बारगळली. हैदराबादेत मात्र ४ ऑगस्ट २०२२ रोजी बंजारा हिल्सवर तेलंगण पोलिसांचे उत्तुंग एकात्मिक नियंत्रण केंद्र उघडले. ते बाहेरून पाहताना मला रेसिडेन्सीतले ते ठगीचे दप्तर आठवल्यावाचून राहिले नाही.

खोडण्याचा रकाना

आता मक्का मशिदीकडे पुन्हा वळतो. त्या स्फोटात नऊ माणसे गेली आणि नंतरच्या गोळीबारात पाच. त्यानंतर शहरातील अनेक मुसलमान तरुणांना संशयावरून धरले गेले, कित्येकांनी तुरुंगात दिवस काढले. पुढे तपास एका यंत्रणेकडून दुसरीकडे, तिच्याकडून तिसरीकडे गेला आणि रोख पार बदलला. त्या निर्दोष तरुणांना आंध्र सरकारने नुकसानभरपाई आणि चांगल्या वर्तणुकीचे दाखले देण्याचे ठरवले. सरकारने नागरिकाला ‘तुझ्यावर ठपका नाही’ असा दाखला लिहून द्यावा, ही गोष्ट मुख्याध्यापक म्हणून मला फार बोलकी वाटते. आणि २०१८ मध्ये विशेष न्यायालयाने उरलेल्या आरोपींनाही पुराव्याअभावी सोडले. म्हणजे चौदा जीव गेले, निरपराधांची तरुण वर्षे गेली आणि त्या निकालात दोषी असा कोणी उरला नाही. खबरीची प्रत चुकली की मृतांनाही न्याय मिळत नाही आणि जिवंतांनाही.

म्हणून मला वाटते, समान निकष ठरवताना चार गोष्टी एकत्र हव्यात. पहिली, ओळखीचा असा नमुना की जो तीन लिप्यांत फिरला तरी माणूस बदलणार नाही. दुसरी, सांगणाऱ्याची आणि सांगितल्याची वेगवेगळी प्रत. तिसरी, कोणी, केव्हा, कशासाठी ती खबर उघडून पाहिली याची नोंद, म्हणजे ठगांचे दप्तर उद्या टिळकांवर उलटणार नाही. आणि चौथी, खोडण्याचा रकाना. ठरावीक मुदतीत पुरावा मिळाला नाही तर नाव काढले पाहिजे, आणि एका केंद्राने काढले की ते ज्या ज्या केंद्रांत गेले असेल तेथूनही निघाले पाहिजे. पहिल्या तिन्हींविषयी सरकारी पातळीवर थोडेफार बोलले जाते. चौथ्याविषयी फारसे ऐकू येत नाही. स्लीमनच्या वंशावळींतही तो रकाना नव्हता आणि १८७१ च्या नोंदवहीतही नव्हता.

आपण सरहद्दीवरची माणसे. आपल्या घरात दोन भाषा, सोयरिकी दोन राज्यांत, रेशन एकीकडे आणि शेत दुसरीकडे. देशाच्या दप्तराला चीर पडली तर ती पहिल्यांदा आपल्या अंगावरून जाते. तेव्हा या प्रश्नाला केवळ पोलिसांचा प्रश्न समजू नये. ज्या दिवशी आमच्या तालुक्यातल्या माणसाची खरी खबर बीदर-निजामाबादला वेळेवर पोहोचेल आणि खोटी खबर तेथून तितक्याच वेगाने पुसली जाईल, त्या दिवशी सुरक्षा आणि न्याय हे दोन्ही शब्द एका ओळीत लिहिता येतील.

त्या दोन भावंडांचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. जनरल रजिस्टरमधील नोंद फिरवणे सोपे नसते. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, वरिष्ठांची मंजुरी असे सगळे सोपस्कार झाले आणि दीड वर्षाने दोघांच्या नावापुढे एकच बाप आणि एकच आडनाव लागले. मुलगी त्या दिवशी कार्यालयात आली, रजिस्टरवरच्या तांबड्या शाईच्या दुरुस्तीकडे बराच वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, जुनं नाव अजून दिसतंय की खाली.” मी तिला सांगितले, “नियम आहे बाळ, खोडलेलंही वाचता आलं पाहिजे.” उत्तर नियमाला धरून होते. पण तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर माझेही नाही.